भाषेचे वकीलपत्र

गोव्याचा 1987 चा राजभाषा कायदा छोटासा आहे. चहा निवायच्या आत वाचून होतो. कोकणी ही राजभाषा राहील, असे त्यात म्हटले आहे. मराठीचा वापरही सर्व किंवा कोणत्याही शासकीय कामासाठी होईल, असे म्हटले आहे. दमण आणि दीवसाठी गुजराती आहे, इंग्रजी चालू ठेवायला मुभा आहे. आणि व्याख्यांच्या कलमात, जिथे वकील सोडून सहसा कोणी थबकत नाही, तिथे कोकणी म्हणजे देवनागरी लिपीतली कोकणी, असे नोंदवून ठेवले आहे. या कायद्यासाठी गोव्यात सात माणसे जिवानिशी गेली.

हा कायदा 4 फेब्रुवारी 1987 रोजी मंजूर झाला, तेव्हा सरकार काँग्रेसचे होते आणि मुख्यमंत्री प्रतापसिंह राणे होते. त्याच्या दोन वर्षे आधी, 1985 मध्ये, कोकणीला राजभाषा करण्याचे खासगी विधेयक सभागृहात आणले ते मडगावच्या एका वकिलाने. कोणत्याही पक्षाचा पट्टा त्यांच्या गळ्यात नव्हता. 1984 च्या निवडणुकीत ते अपक्ष म्हणून निवडून आले होते, आणि 1989 नंतर आमदार म्हणून ते पुन्हा सभागृहात आले नाहीत. त्यांचे नाव अ‍ॅडव्होकेट उदय भेंब्रे. गोव्यात त्यांना उदयबाब म्हणतात.

मराठी वाचकाला हे नाव माहीत असले, तर बहुधा ‘मराठीच्या विरोधातला माणूस’ म्हणून. मी मराठीत लिहिणारा माणूस आहे, मराठीवर माझा जीव आहे, आणि तरीही मला वाटते की भेंब्रे यांची गोष्ट मराठी दिवाळी अंकात यायलाच हवी. त्यांनी आयुष्यातला सर्वांत मोठा खटला लढवला तो मराठीतून. त्यांचे पहिले न्यायाधीश मराठी वाचक होते.

*

आधी वडिलांविषयी थोडे. 18 जून 1946 रोजी डॉ. राममनोहर लोहिया मडगावात सभेला उभे राहिले. असोळण्याला डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्याकडे ते विश्रांतीला म्हणून आले होते. सालाझारच्या राजवटीत चार माणसांनी एकत्र जमायलाही परवानगी लागे. त्या सभेने तो धाक मोडला. पुढच्या महिन्यांत जे सत्याग्रही पकडले गेले, त्यांतल्या काहींना पोर्तुगालमध्ये हद्दपार करण्यात आले. समुद्राच्या कड्यावर बांधलेल्या पेनीशच्या किल्ल्यात त्यांना ठेवले. त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, जुझे इनासियु लॉयोला आणि लक्ष्मीकांत भेंब्रे. पुरुषोत्तम काकोडकर म्हणजे अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकरांचे वडील. लक्ष्मीकांत भेंब्रे हे उदय भेंब्रे यांचे वडील. लोहियांची सभा झाली तेव्हा मुलगा जेमतेम सहा वर्षांचा होता.

मडगाव आणि जांबावली यांचे नाते ज्यांना ठाऊक आहे त्यांना भेंब्रे कोणत्या मातीतले ते वेगळे सांगावे लागणार नाही. मडगावचा दामोदर सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धर्मछळापासून वाचवून जांबावलीला नेला गेला. देव गेला, पण मडगावकरांनी हक्क सोडला नाही. आजही शिगम्यात मडगाव जांबावलीला जाते, गुलाल खेळते, नाटके करते आणि परत येते. भेंब्रे जांबावलीचे, आणि त्यांची वकिली मडगावची.

*

गोव्यातल्या वकिलीचा धंदा महाराष्ट्रातल्या वकिलाला परका वाटेल असा आहे, आणि तो समजल्याशिवाय भेंब्रे यांचे राजकारण कळत नाही. म्हणून थोडा वेळ तिथे रेंगाळतो.

1870 पासून गोव्यात 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता लागू आहे. 1961 च्या 19 डिसेंबरला राजवट गेली, संहिता राहिली. लग्नाची नोंद झाली की वेगळा करार नसल्यास नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते. बाप मेला की आई अर्ध्याची धनीण असतेच. उरलेल्या अर्ध्यात मुलगे आणि मुली सारख्या वाट्याने. मृत्युपत्राने सगळे एकाच्या नावावर करून टाकता येत नाही, कारण अर्ध्या भागावर वारसांचा हक्क कायद्याने राखलेला असतो. वाटणीसाठी ‘इन्व्हेंटरी’ नावाची कोर्टाची प्रक्रिया असते आणि ती कित्येकदा पिढीभर चालते. शिवाय कोमुनिदादीच्या जमिनी, म्हणजे गावकऱ्यांच्या जुन्या सामाईक संस्थेच्या जमिनी, त्यांवरचे भाडेपट्टे आणि गावकऱ्याला मिळणारा वाटा. शिवाय भाटकार आणि मुंडकार यांचे खटले. भाटकाराच्या जमिनीत मुंडकाराचे घर असते, आणि 1975 च्या मुंडकार कायद्यापर्यंत त्या घराखालची जमीन कोणाची, हा प्रश्न भाटकाराच्या मर्जीवर टांगलेला असे.

आता या धंद्यातल्या भाषा बघा. जुने दस्त पोर्तुगीजमध्ये, नोटरीच्या वळणदार अक्षरात. 1960 च्या दशकात भारतीय कायदे एकामागून एक लागू झाले आणि कोर्ट इंग्रजीत बोलू लागले. अशील हिंदू असेल तर वाचतो मराठी: वर्तमानपत्र मराठी, पोथी मराठी, नाटक मराठी. ख्रिस्ती असेल तर रोमी लिपीतली कोकणी वाचतो, त्याच लिपीतले प्रार्थनेचे पुस्तक जपतो, तियात्राला, म्हणजे कोकणी नाटकाला, जातो. आणि या दोघांपैकी कोणीही वकिलासमोर बसला, घसा खाकरून आपले गाऱ्हाणे सांगू लागला, की जी भाषा बाहेर येते ती कोकणी. कोर्टाच्या कामकाजात नेमकी तीच भाषा कुठे नसते.

चार भाषांच्या मधोमध उभे राहून रोज एकाचे म्हणणे दुसऱ्याला समजावून देणाऱ्या माणसाला भाषेचा प्रश्न अस्मितेच्या फार आधी न्यायाचा वाटू लागणे स्वाभाविक आहे. ज्याला स्वतःच्या साक्षीचा कागद वाचता येत नाही, त्याने त्याच्यावर अंगठा का उठवावा? गोव्यातल्या भाषावादावर आपल्याकडे खूप लिहिले गेले. त्यात बोली की भाषा, ज्ञानेश्वरीतले शब्द, शणै गोंयबाब, अ. का. प्रियोळकर, सु. मं. कत्रे हे सगळे आले. कोर्टाच्या व्हरांड्यात उभा असलेला अशील मात्र त्यात अभावानेच दिसतो.

*

आता 1967. मुक्तीनंतरच्या पहिल्या निवडणुकीत, 1963 च्या डिसेंबरात, दयानंद बांदोडकर यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा, हे त्या पक्षाचे जाहीर उद्दिष्ट होते. डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष विरोधात होता. विधानसभेतल्या बहुमताने एवढा मोठा प्रश्न सुटू नये, लोकांनाच विचारावे, असे ठरले आणि 1966 च्या डिसेंबरात संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. स्वतंत्र भारतात एखाद्या प्रदेशाच्या भवितव्यावर अशा कायद्याने लोकांचे थेट मत घेतले जाण्याची ही दुर्मीळ घटना. कौल मोकळ्या वातावरणात व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा दिला. मतपत्रिकेवर दोन चिन्हे होती: विलीनीकरणासाठी फूल, केंद्रशासित राहण्यासाठी दोन पाने.

मराठी माणसाने विलीनीकरणाची बाजू नीट समजून घ्यावी, कारण त्या बाजूला केवळ भावना नव्हती. गोव्यातल्या बहुजन समाजाला पोर्तुगीज काळात शाळा मिळाली नव्हती. बांदोडकरांच्या राज्यात ती गावोगाव मिळाली, आणि ती मराठी शाळा होती. भजन मराठी, कीर्तन मराठी, दशावताराची भाषाही मराठी. कोकणीच्या चळवळीत सारस्वत आणि ख्रिस्ती वरिष्ठ वर्गाची नावे ठळक दिसत होती, आणि भाटकाराच्या जाचातून सुटलेल्या कुळाला ती नावे भाटकाराचीच वाटत. महाराष्ट्रात गेलो तर या लोकांच्या पंजातून कायमचे सुटू, हे त्याचे गणित होते. ते चुकीचे होते असे मी म्हणणार नाही.

दुसऱ्या बाजूची भीतीही खरी होती. महाराष्ट्रात तेव्हा दारूबंदी होती. माडाची सूर काढणारा रेंदेर आणि काजूची फेणी गाळणारा, दोघांचा धंदा बुडणार होता. सरकारी कचेऱ्यांत बाहेरून प्रतिनियुक्तीवर आलेले अधिकारी बसले होते आणि त्यांच्याविषयी चीड होती. साडेचारशे वर्षांचा वेगळा इतिहास असलेला प्रदेश मोठ्या राज्याचा कोपऱ्यातला एक जिल्हा होऊन बसणार होता.

ख्रिस्ती मतदार बहुतांशी दोन पानांच्या बाजूला होता. प्रश्न हिंदू मतदाराचा होता, आणि हिंदू मतदार मराठी वाचत होता. त्याच्या हातात रोज येणारे सर्वांत वजनदार वर्तमानपत्र ‘गोमन्तक’ होते आणि ते विलीनीकरणाचे खंदे पुरस्कर्ते होते. त्याच्यासमोर मडगावहून निघणारे ‘राष्ट्रमत’ उभे राहिले. संपादक चंद्रकांत केणी. वर्तमानपत्र मराठी आणि भूमिका विलीनीकरणाच्या विरोधाची. या वर्तमानपत्रात सत्तावीस वर्षांचे उदय भेंब्रे एक सदर लिहू लागले, त्याचे नाव ‘ब्रह्मास्त्र’.

या सदराचा गोव्यात आजही दबदबा आहे; त्या काळाविषयी बोलताना जुनी माणसे नेत्यांच्या जोडीने एका स्तंभाचे नाव घेतात. आपल्या पत्रकारितेत असे किती स्तंभ सांगता येतील? टिळकांच्या अग्रलेखांविषयी, अत्र्यांच्या ‘मराठा’विषयी आपण अभिमानाने बोलतो. ‘ब्रह्मास्त्र’ही त्याच मराठी परंपरेतले आहे: प्रतिपक्षाचा मुद्दा हाती घ्यायचा, तो उलगडून दाखवायचा, आणि वाचकाला समजेल अशा रोखठोक मराठीत त्याचे उत्तर द्यायचे. संयुक्त महाराष्ट्रासाठी मराठी गद्याने जे केले, तेच मराठी गद्याने गोव्यात विलीनीकरणाच्या विरुद्ध केले. भाषा कोणाच्या मालकीची नसते, याचा इतका ठसठशीत दाखला मला दुसरा ठाऊक नाही, आणि मराठीवर प्रेम करणारा म्हणून मला त्याचा अभिमान वाटतो.

त्याच काळात गाणीही झाली. मनोहरराय सरदेसाई यांच्या कविता, उल्हास बुयांव यांचा आवाज. भेंब्रे यांनी लिहिलेले आणि बुयांव यांनी गायलेले ‘चान्न्याचे राती’ हे गीत तर गोव्यात घराघरांत गेले. ते प्रेमाचे हळवे गाणे आहे. ज्यांनी राजकारणातले भेंब्रे कधी वाचले नाहीत, त्यांनाही ते तोंडपाठ असते.

16 जानेवारी 1967 रोजी मतदान झाले. विलीनीकरणाच्या विरोधात 1,72,191 मते पडली, बाजूने 1,38,170. फरक 34,021 मतांचा. मडगाव ज्या साष्टी तालुक्यात येते तिथून दोन पानांना भरभरून मते मिळाली. उत्तरेच्या पेडणे, डिचोली, सत्तरी भागांत फुलाचा जोर होता. हा नकाशा नीट लक्षात ठेवायला हवा, कारण वीस वर्षांनी भाषेच्या आंदोलनात तोच नकाशा जवळजवळ जसाच्या तसा पुन्हा वर आला. आणि एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: दोन महिन्यांनी, मार्च 1967 मध्ये, निवडणूक झाली तेव्हा याच मतदारांनी बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवले. विलीनीकरण नको, पण मुख्यमंत्री भाऊसाहेबच हवेत. राज्यकर्ता आणि राज्य यांचे दोन निरनिराळे निकाल लोकांनी दिले.

*

पुढची सतरा वर्षे भेंब्रे वकिली करत राहिले. या वर्षांत 1975 चा फेब्रुवारी महत्त्वाचा आहे. सुनीतिकुमार चटर्जी साहित्य अकादमीचे अध्यक्ष असताना, 26 फेब्रुवारी 1975 रोजी, अकादमीने कोकणीला स्वतंत्र साहित्यिक भाषा म्हणून मान्यता दिली. वाङ्मयाच्या कोर्टात निकाल लागला. सरकारी कचेरीत काहीच बदलले नाही. 1980 पासून काँग्रेसचे सरकार होते आणि ते कोकणीच्या समर्थकांना आश्वासने देत राहिले.

1984 च्या अखेरीस, इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत, निवडणूक झाली. सभागृह तीस जणांचे. काँग्रेसला स्पष्ट बहुमत मिळाले. त्या लाटेत मडगावने एका अपक्ष वकिलाला निवडून दिले. मडगाव हे व्यापाऱ्यांचे शहर, दक्षिण गोव्याची बाजारपेठ. अशा शहराने विकासकामांची हमी देऊ न शकणारा, मंत्रिपदाची शक्यता नसलेला माणूस निवडला, याला माझ्या लेखी फार मोल आहे.

केंद्रशासित प्रदेशाच्या विधानसभेला राजभाषा ठरवण्याचा अधिकार होता. केंद्रशासित प्रदेश शासन कायदा, 1963 मधल्या चौतिसाव्या कलमात तो लिहून ठेवलेला होता: प्रदेशात वापरात असलेल्या भाषांपैकी एक किंवा अधिक भाषा विधानसभेला कायद्याने स्वीकारता येतील. म्हणजे दिल्लीकडे बोट दाखवायला जागा नव्हती. अधिकार पणजीतच होता, मांडवीकाठच्या आदिलशहाच्या जुन्या वाड्यात, जिथे तेव्हा विधानसभा भरत असे. वकिलाच्या नजरेला हे दिसल्यावर पुढची पायरी ठरलेली होती. भेंब्रे यांनी विधेयकाचा मसुदा केला आणि 1985 मध्ये सभागृहापुढे आणला.

खासगी विधेयक म्हणजे काय, हे एकदा स्पष्ट सांगायला हवे. मंत्री नसलेल्या कोणत्याही सदस्याला विधेयक आणता येते, पण त्यासाठी शुक्रवार राखलेला असतो आणि सरकारी बाके नको म्हणाली की ते तिथेच संपते. आपल्या संसदेने स्वातंत्र्यापासून अशी फक्त चौदा विधेयके मंजूर केली आहेत, आणि त्यांतले शेवटचे 1970 मध्ये. भेंब्रे यांना हे ठाऊक नसेल असे कोण म्हणेल? विधेयक पडणार हे अंकगणित उघड होते. सत्ताधाऱ्यांनी ते पुढे जाऊ दिले नाही.

माझ्या मते त्यांच्या पाच वर्षांतले सर्वांत मोठे काम हे पडलेले विधेयकच आहे. तोपर्यंत राजभाषेची मागणी ठरावांत, संमेलनांत आणि जाहीरनाम्यांत होती. आता ती कलमांत आली. कलम आले की हो किंवा नाही म्हणावे लागते, आणि नाही म्हणणाऱ्याचे नाव कामकाजाच्या नोंदीत राहते. काँग्रेसच्या ज्या आमदारांनी दक्षिण गोव्यात कोकणीच्या नावाने मते मागितली होती, त्यांना आपल्या मतदारांपुढे उभे राहणे अवघड झाले. त्याच वर्षी पुंडलिक नायक यांच्या अध्यक्षतेखाली ‘कोंकणी प्रजेचो आवाज’ ही संघटना उभी राहिली. सभागृहात जे हरले ते रस्त्यावर गेले.

दुसरीकडे मराठीला राजभाषा करण्यासाठी समिती उभी राहिली आणि तिच्या अग्रभागी शशिकला काकोडकर होत्या, बांदोडकरांच्या कन्या आणि स्वतः माजी मुख्यमंत्री. लोक त्यांना ताई म्हणत. गोवा दोन फळ्यांत उभा राहिला. 1986 च्या शेवटच्या महिन्यांत बंद, रास्ता रोको, दगडफेक, लाठीमार, गोळीबार झाला. मडगावच्या गोगळ भागात गोळी लागून तरुण मेला. एकूण सात जण गेले, बहुतेक दक्षिण गोव्यातले, कष्टकरी घरांतले. भाषेच्या प्रश्नावर लिहिताना या सातांचा उल्लेख एका ओळीत उरकण्याची आपल्याला सवय झाली आहे. त्यांच्यातल्या अनेकांच्या घरी जी कोकणी वाचली जात होती ती रोमी लिपीतली होती, आणि हे पुढच्या गोष्टीसाठी ध्यानात ठेवायला हवे.

*

4 फेब्रुवारी 1987 चा कायदा भेंब्रे यांच्या विधेयकासारखा झाला नाही. तो तडजोडीचा झाला. कोकणीला नाव मिळाले, मराठीला वापर मिळाला, दोन्ही बाजूंना अर्धे समाधान. राजीव गांधींच्या केंद्र सरकारने भाषेचा प्रश्न मिटल्यावर घटक राज्याचा मार्ग मोकळा केला आणि 30 मे 1987 रोजी गोवा देशातले पंचविसावे राज्य झाले. दमण आणि दीव केंद्रशासित राहिले. 1992 मध्ये एकाहत्तराव्या घटनादुरुस्तीने कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी आठव्या परिशिष्टात गेल्या. जनमत कौलाच्या वेळी ‘दोन पाने’ म्हणणाऱ्यांनी जे जे मागितले होते ते जवळजवळ सगळे पंचवीस वर्षांत पदरात पडले.

पण देवनागरीच्या त्या व्याख्येने एक जखम केली, आणि ती भरलेली नाही. जे ख्रिस्ती गोंयकार कोकणीसाठी मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले, त्यांची लिपी त्यांच्याच लढ्यातून जन्मलेल्या कायद्यात आली नाही. तियात्र रोमीत, कितीतरी नियतकालिके रोमीत, चर्चची प्रार्थना रोमीत, आणि कायद्यासाठी मात्र ती कोकणी नव्हे. देवनागरीचा आग्रह धरणाऱ्या त्या पिढीच्या नेत्यांवर रोमीच्या समर्थकांचा राग आजही आहे, आणि भेंब्रे त्या नेत्यांतले आहेत. एका भाषेच्या दोन लिपी राहिल्या तर भाषा दुभंगेल, हा देवनागरीवाल्यांचा युक्तिवाद मला समजतो. मला तो पटत नाही. ज्याच्या बळावर खटला जिंकला त्या अशिलाचे नाव निकालपत्रातून वगळले गेले, असे मला वाटते, आणि भेंब्रे यांच्याविषयीचा सगळा आदर मनात ठेवून मी हे लिहितो.

मराठी समर्थकांचीही तक्रार आहे आणि ती उलट्या बाजूची आहे: वापर दिला, मग नाव का दिले नाही? मराठी संस्था ही मागणी आजही करतात. दरम्यान पणजीतल्या कचेऱ्यांत फाइल बव्हंशी इंग्रजीत फिरते. कोकणीसाठी आणि मराठीसाठी भांडणाऱ्यांनी ज्या भाषेचा विचारच केला नव्हता, ती त्या कायद्यातल्या मुभेच्या कलमावर आरामात राज्य करते.

*

भेंब्रे यांची आमदारकी 1989 मध्ये संपली. त्यानंतरची विधानसभा चाळीस जणांची झाली, पक्षांतरांनी बुजबुजून गेली. 1990 नंतरच्या दशकात गोव्याने मुख्यमंत्री बदलण्याचा विक्रमच केला. त्या बाजारात हा माणूस दिसला नाही. ‘सुनापरान्त’ या कोकणी दैनिकाचे संपादकपद त्यांनी सांभाळले. नाटक लिहिले, कादंबरी लिहिली. ‘कर्णपर्व’ या नाटकाला 2015 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कर्ण हा विषय त्यांनी का निवडला असेल, याचा मी बराच विचार केला आहे. कुठल्या आईचा आणि कुठल्या घराचा, हा प्रश्न जन्मभर ज्याच्या मागे लागला, अशा नायकाकडे कोकणीचा वकील वळावा, हे मला अगदी नैसर्गिक वाटते.

वयाच्या पंच्याऐंशीच्या सुमारासही त्यांनी बोलणे सोडले नाही. 2025 मध्ये गोव्याच्या शिवकालीन इतिहासाविषयी त्यांनी जाहीर मत मांडले तेव्हा वादळ उठले आणि निदर्शक त्यांच्या मडगावच्या घरापर्यंत गेले. इतिहासाच्या मुद्द्याला कागदपत्रांनी उत्तर द्यायचे असते. महाराजांवर जिवापाड प्रेम करणाऱ्या आपण सर्वांनी तरी एका वृद्ध लेखकाच्या दारात जमाव जाणे मान्य करू नये.

भाषेच्या लढाईतला मला सर्वांत विचार करायला लावणारा भाग मात्र पुष्कळ आधीचा आहे. 1990 मध्ये शशिकलाताई काकोडकर शिक्षणमंत्री झाल्या. प्राथमिक शाळेला सरकारी अनुदान हवे असेल तर माध्यम मातृभाषेचे, म्हणजे प्रादेशिक भाषेचे हवे, असे धोरण त्या सरकारने घेतले. चर्चच्या कित्येक इंग्रजी प्राथमिक शाळा त्यामुळे कोकणी माध्यमाकडे वळल्या आणि ख्रिस्ती मुले देवनागरी गिरवू लागली. मराठीसाठी आयुष्य वेचलेल्या बाईच्या निर्णयाने कोकणी शाळा भरल्या.

2011 मध्ये दिगंबर कामत सरकारने इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचे ठरवले, तेव्हा त्याविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंच उभा राहिला. नेतृत्व ताईंचे. आणि व्यासपीठावर त्यांच्यासोबत पुंडलिक नायक, सुभाष वेलिंगकर आणि उदय भेंब्रे. 1967 मध्ये बांदोडकरांच्या घराविरुद्ध लेखणी चालवणारा, 1985 मध्ये मराठीला वगळून विधेयक मांडणारा माणूस बांदोडकरांच्या मुलीशेजारी बसून मराठी आणि कोकणी शाळांसाठी एकत्र बोलत होता. दोघांनीही जुने मत सोडले नव्हते. ताई मराठी राजभाषेच्याच राहिल्या, उदयबाब कोकणीचेच. पाच वर्षांच्या मुलाने पहिले अक्षर कोणत्या भाषेत गिरवावे, एवढ्यापुरते त्यांचे एकमत होते आणि त्यासाठी त्यांनी पाव शतकाचे वैर बाजूला ठेवले.

ते आंदोलन सरकारला हलवू शकले नाही. 2012 मध्ये सत्ता बदलली, अल्पसंख्याक संस्थांच्या इंग्रजी शाळांचे अनुदान चालूच राहिले. 28 ऑक्टोबर 2016 रोजी ताई गेल्या. मराठी शाळा बंद पडत आहेत, कोकणी शाळाही बंद पडत आहेत, आणि ज्या गावात दोन्ही बंद पडल्या तिथल्या मुलाला आता बसने इंग्रजी शाळेत जावे लागते.